लाल पट्टीखालचा साठा

"काटा इथं आला की थांबायचं," बिडकर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टाकीच्या डायलवर लाल चिकटपट्टीचा तुकडा नखानं दाबून बसवला.

"थांबायचं म्हंजे?" चौगुलेनं विचारलं.

"गेटवरची रांग बंद. याच्या खालचा साठा फक्त दवाखान्यांच्या गाड्यांना."

"आणि त्या वेळी दवाखान्याची गाडी दारात नसली तर?"

"तर मशीन बंद ठेवून वाट बघायची."

नेमिनाथ चौगुले त्या ऑक्सिजन प्लांटचा मॅनेजर. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पुरवठा शाखेतला अव्वल कारकून, रेशनच्या रांगा हाकण्यात केस पांढरे झालेला माणूस. आत माल, बाहेर गिऱ्हाईक आणि मधे बंद मशीन, हा देखावा किती वेळ टिकतो ते मला माहीत होतं. पण कलेक्टरांचा आदेश मॅडमच्या नावाचा होता. प्रा. ऋजुता बिडकर, कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांचा प्रबंध होता साठा आणि गिऱ्हाइकांची रांग यांच्या गणितावर. कुणीतरी त्याचं नुसतं नाव वाचलं असणार आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलात बाईंना थेट एमआयडीसीतल्या प्लांटवर आणून बसवलं. मला त्यांच्या हाताखाली दिलं. गणित त्यांचं आणि शिव्या माझ्या, अशी वाटणी.

"मॅडम," मी म्हणालो, "दारात उभा आहे त्याला नाही म्हणायचं आणि आलाच नाही त्याच्यासाठी राखून ठेवायचं. हे लोकांना सांगणार कोण?"

"तुम्ही आहात की," त्या म्हणाल्या. मास्कच्या आत हसल्या असाव्यात. डोळ्यांवरून तसं वाटलं नाही.

टँकर पहाटे यायचा होता. टँकरमधून द्रवरूप ऑक्सिजन यायचा, आवारातल्या उंच पांढऱ्या टाकीत उतरायचा आणि तिथून गॅस होऊन सिलिंडरात भरला जायचा. सूर्य डोक्यावर आला तरी टँकरचा पत्ता नव्हता. गेटबाहेर दोन रांगा होत्या. दवाखान्यांच्या गाड्यांची रांग म्हणजे नावालाच, गाडी यायची, भरून जायची, की जागा पुन्हा मोकळी. दुसरी माणसांची. ज्यांना बेड मिळाला नव्हता, ज्यांचा पेशंट घरीच खाटेवर होता, अशी माणसं एकेक रिकामा सिलिंडर घेऊन उन्हात उभी होती. रांग कुंपणाच्या कडेनं वळून पार बिस्किटाच्या कारखान्यापर्यंत गेली होती.

रांगेतल्या माणसाचं तोंड मी कधी बघत नाही, पाय बघतो. पाय पुढं सरकायचे थांबले की तोंड बदलायला वेळ लागत नाही.

सगळ्यात पुढं एक चष्म्याचा तरुण होता. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी सिलिंडर उभा केलेला, हँडलला स्टीलचा डबा अडकवलेला. त्याच्यामागं शमशाद तांबोळी, बाजारात पानाची गादी चालवणारी बाई. तिचं तोंड सकाळपासून चालू होतं आणि तेवढीच त्या रांगेची करमणूक. तिच्यामागं मारुती खोत, उसाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, अंगानं दाराएवढा.

"काय रं बाबा, डब्यात काय आणलंयस?" तांबोळीणबाई त्या तरुणाला विचारत होती.

"भाकरी. आईनं दिलीय."

"आणि पेशंट कोण?"

"वडील. घरीच आहेत. लावलेला सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरेल म्हणतात."

"पुरंल, पुरंल. आमच्या ह्यांचा बी तेवढाच हाय. जन्मभर माझं ऐकलं न्हाई, आता नाकात नळी घालून गप पडल्यात. म्हणून तर जगवायचंय, ऐकायला कुणीतरी पायजे."

हसणारे हसले. तरुण हसला नाही. त्यानं फोन कानाला लावला.

आत मॅडमचा फोन वाजला. सकाळपासून तो सारखा वाजत होता. वाजला की त्या गेटकडं बघायच्या, फोन बंद करायच्या आणि पुन्हा डायलकडं वळायच्या. मी मनात हिशेब मांडला, हा कुणा वजनदार माणसाचा शिफारशीचा फोन. आज ना उद्या सगळेच वाकतात. ही बाई किती वेळात वाकते तेवढंच बघायचं.

दुपारी काटा लाल पट्टीला टेकला.

चौगुलेनं मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी मान हलवली, त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. इतका वेळ कानात बसलेला घरघराट एकदम तुटला. इतकं शांत झालं की गेटवरच्या पत्र्यावर चिमणी चालत होती ती ऐकू आली. दवाखान्याच्या गाडीची जागा मोकळी होती.

मी पाय बघितले. सगळे थांबले होते. मग मागचे पाय पुढच्यांच्या शेजारी येऊन उभे राहायला लागले. रांग जाड व्हायला लागली.

"ओ भाऊसाहेब," खोतानं हाक मारली, "मशीन का बंद?"

"गरम झालंय. थंड करतोय."

"नळ्यांवर बर्फ हाय की अजून."

टाकीच्या खालच्या नळ्यांवर पांढरं धुकट बर्फ साठलेलं होतं. ते आहे तोवर आत माल आहे, हे एव्हाना सगळ्या रांगेला कळलं होतं. खोतानं दोन्ही हात गेटच्या गजांना लावले. जोर लावला नाही, नुसते लावले. गेट हललं. चौगुलेच्या हातातला पाना खाली पडला. त्या आवारात ठिणगी पडली तर काय होईल हे तो मला रोज सांगायचा. त्या क्षणी त्यानं तोंड उघडलं नाही, तरी मला ते सगळं ऐकू आलं.

मॅडम केबिनमध्ये टँकरच्या चौकशीला गेल्या होत्या. मी चौगुलेच्या कानाशी गेलो.

"रिकाम्या सिलिंडरातली हवा ओढायचा तो पंप आहे ना, तो चालू कर."

"ओढू काय? भरायचं बंद हाय."

"काही ओढू नकोस. आवाज कर."

ही युक्ती माझी जुनी. रेशन दुकानात साखर संपली की मी दुकानदाराला तराजू थांबवू द्यायचो नाही. तांदूळ या पोत्यातून त्या पोत्यात ओत, पण मापत राहा म्हणायचो. मापाचा आवाज येतो तोवर रांग ही रांग असते. तो थांबला की तिचा जमाव होतो.

पंप धडधडायला लागला. गजांवरचे हात खाली आले. जाड झालेली रांग हळूहळू बारीक झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं चालू." मी खिशातून तंबाखू काढली आणि चुना लावून मळायला लागलो.

मॅडम बाहेर आल्या. "हा कसला आवाज?"

"भरतोय."

"काय भरताय?"

"वेळ," मी म्हणालो.

त्यांनी डायल बघितला, रिकामी फिलिंग लाइन बघितली आणि मग माझ्याकडं.

"रांग शांत झाली की नाही?" मी म्हणालो.

"शांत नाही झाली. अडकली." त्या आवाज न चढवता बोलत होत्या, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं. "माझ्या गणितात मशीन बंद दिसलं की काही गिऱ्हाइकं निघून जातात. दुसरीकडं बघतात. तुम्ही त्यांना जाऊच देत नाही आहात."

"जाऊन जाणार कुठं?"

"पलीकडच्या जिल्ह्यातल्या प्लांटवर सकाळी टँकर उतरलाय. आत्ता कळलं. तिथं रांग छोटी आहे."

"आणि आपला?"

"घाटात. कधी येईल ते कुणी सांगत नाही."

त्यांच्या हातातला फोन पुन्हा वाजला. मला राहवलं नाही. "ज्यांचा फोन आहे त्यांना तेवढं सांगून टाका हळूच. त्यांची सोय होईल."

त्यांनी फोन बंद केला. "एकाला सांगायचं तर सगळ्यांना सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "चौगुले, पंप बंद करा."

"मॅडम, सांगितलंत तर गेट राहणार नाही."

"तुम्ही किल्ली घेऊन आत थांबा."

मी आत थांबलो नाही, त्याचं कारण शौर्य नव्हे. किल्ली हातात घेऊन एकट्यानं आत उभं राहायची मला जास्त भीती वाटली.

पंप थांबला. मॅडम छोट्या दारातून बाहेर जाऊन गेटला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ऐका. तो आवाज खोटा होता. तासाभरापासून आम्ही कुणाचा सिलिंडर भरत नाही."

खोत दोन पावलं पुढं आला. त्याच्या आणि मॅडमच्या मधे माझा एक हात मावला नसता.

"आत हाय का न्हाई?"

"आहे."

"मग?"

"तो तुमच्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?" हे तांबोळीणबाईनं विचारलं. तिच्या आवाजातली सकाळची सगळी गंमत गेली होती.

"जे अजून आलेले नाहीत, त्यांच्यासाठी. दवाखान्यातले. त्यांना इथं येऊन उभं राहता येत नाही."

"आणि आमची माणसं काय उभी राहून नाचाय लागल्यात?" खोत म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलला. त्याच्या हातात सिलिंडरची लोखंडी चावी होती आणि ती तो मांडीवर हलके हलके आपटत होता. मागची माणसं पुन्हा शेजारी यायला लागली होती. माझ्या पाठीला गेटचा गज लागला आणि तो तापलेला आहे हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

मॅडमनी पलीकडच्या प्लांटचं सांगितलं. रस्ता सांगितला. तिथं मिळेलच अशी खात्री नाही, हेही सांगितलं. इथला टँकर पाच मिनिटांत येईल किंवा रात्री येईल, मला माहीत नाही, असंही म्हणाल्या. एवढं खरं एका दमात सरकारी माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना माझे पाय पळायच्या तयारीत होते.

तेव्हा तो चष्म्याचा तरुण बोलला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही या रांगेत पहिल्या असता, घरी पेशंट असता, तर थांबला असता की गेला असता?"

खोताच्या हातातली चावी थांबली.

"मी गेले असते," त्या म्हणाल्या.

तरुणानं मान हलवली. हँडलचा डबा काढून स्वतःच्या जागेवर, रस्त्याच्या कडेला ठेवला. "आजी, माझा नंबर बघा. तिथं मिळाला नाही तर परत येतो."

"जा बाबा. कुणी हात लावणार न्हाई."

तो गेला तसे आणखी काही जण निघाले. कुणी जागेवर दगड ठेवला, कुणी गोणपाट. एकानं एका पायातली रबरी चप्पल ठेवली, निळ्या पट्ट्यांची, आणि तसाच मोटरसायकलवर मागं बसून गेला. खोत राहिला. त्याची चावी पुन्हा मांडीवर आपटायला लागली होती.

त्यानंतर थोड्या वेळानं सरकारी दवाखान्याची गाडी आली. गेट उघडायला मी किल्ली लावली आणि खोत गाडीपुढं जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सरक दादा. वॉर्डात सिलिंडरांची शेवटची लाइन लावलीया."

"आमच्या घरात बी शेवटचीच हाय."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. इंजिन चालू होतं. मागून चार-पाच जण खोताच्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं. मी चौगुलेकडं पाहिलं, तो टाकीला पाठ लावून, हात पसरून उभा होता, जणू ती त्याची लेक.

तांबोळीणबाई आली आणि तिनं खोताच्या शर्टाची बाही धरून ओढली. "सरक रे मुडद्या. माझी नणंद हाय त्या वॉर्डात."

"तू तर म्हणत होतीस घरी नवरा हाय."

"नवरा घरी हाय, नणंद तिथं हाय. एकाच घरात दोघं पडायची न्हाईत असा तुझ्या ट्रकमालकाचा कायदा हाय का?"

खोत सरकला. का सरकला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गाडी आत आली. मशीन पुन्हा घरघरलं, या वेळी खरंखुरं. काटा पट्टीच्या खाली उतरत गेला, आणि गाडी भरून निघाली तेव्हा डायलवर बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मॅडमची पट्टी बरोबर बसली होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्या रस्त्याकडं बघत होत्या.

ऊन कलायच्या आधीच टँकर आला. जे थांबले होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला गेलेल्यांचा हिशेब लगेच आठवला. तो पोरगा अजून तिकडं पोचलासुद्धा नसेल. थांबला असता तर पहिला नंबर त्याचा होता. मॅडमनी खरं सांगितलं आणि खरं ऐकणाऱ्याचा नंबर हुकला. मी त्यांच्याकडं चोरून पाहिलं. त्यांनी टँकरकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं.

टाकी भरली. मी रांग लावायला बाहेर गेलो.

दगडाबद्दल माझा नियम पक्का होता. नोकरीत मी हजार दगड लाथेनं उडवले असतील. माणूस हजर तर माल, दगडाला धान्य मिळत नाही. मी गोणपाट बाजूला केलं, दोन दगड उडवले आणि पुढं येऊन तो डबा उचलला.

"ठेवा खाली," तांबोळीणबाई म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"बाई, तो नाहीये."

"मघाशी मॅडमनी नसलेल्यांसाठी आम्हाला उन्हात ठेवलंच की. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मी डब्याकडं बघितलं. झाकणावर नाव घातलेलं होतं, आपल्याकडं भांड्यांवर घालतात तसं, टोचून टोचून. अक्षरं घासून पुसट झाली होती. मी चष्मा वर करून वाचली.

'चि. ऋजुता हिच्या बारशानिमित्त. आत्याकडून.'

मी डबा होता तिथं ठेवला. अगदी त्याच जागी, धुळीत त्याचा गोल उमटला होता त्यावर.

मागं वळलो तर मॅडम गेटच्या आतून माझ्याकडं बघत होत्या. सकाळपासून वाजणारा तो फोन आठवला. वाजला की त्या गेटकडं का बघायच्या, ते आठवलं. भावानं सगळ्यांदेखत 'मॅडम' म्हणून विचारलेला प्रश्न आठवला.

"मागच्यांनी पुढं या," मी रांगेला म्हणालो. "डबा पहिलाच राहील. वळसा घालून जायचं."

आणि लोक वळसा घालून गेले. तांबोळीणबाई गेली, खोत गेला. खोताचा सिलिंडर भरला तेव्हा त्यानं तो खांद्यावर घेतला, जाताना डब्यापाशी थांबला, आजूबाजूला बघितलं आणि मी उडवलेले दगड पायानं लोटत आणून डब्यामागं ओळीनं लावले. गोणपाटही आणलं. चप्पल मी अजून उडवली नव्हती.

काटा पुन्हा उतरायला लागला. रांग लांब होती, आणि भरल्याची बातमी गावात पोचल्यावर आणखी लांबली. तो पोरगा आला असता तर त्याला देण्याइतका साठा अजून होता. मग पट्टी जवळ आली. मी एकदा डायल बघत होतो, एकदा रस्ता. मॅडमचा फोन टेबलावर पडला होता. तो पोरगा गेल्यापासून फोन एकदाही वाजला नव्हता. सकाळी त्या वाजण्याचा मला राग येत होता.

"फोन लावा, मॅडम," मी म्हणालो.

"लावला की काय झालं ते कळेल," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा रस्ता बघायला लागलो.

"माझ्या गणितात," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "जो रांग सोडून जातो तो बेरजेतून जातो. पुढं त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. विचारलं तर गणित सुटतच नाही." मग डायलकडं बघून त्यांनी चौगुलेला सांगितलं, "थांबवा. काटा आला."

दिवस मावळायला आला होता. दवाखान्यांच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आमची पाळी संपली, दुसरा कारकून आला. मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या, डब्यापाशी उकिडव्या बसल्या. उचलला नाही. तेव्हा फोन वाजला.

त्यांनी तो लगेच घेतला नाही. मी गेटवर उभा होतो. शेवटी त्यांनी तो कानाला लावला. "हं," म्हणाल्या. मग पुन्हा "हं." फोन खाली ठेवला आणि डब्याचं झाकण उघडलं.

"मिळाला?" मी विचारलं.

"मिळाला. लावलाय. बाबा भांडतायत म्हणे, मास्क टोचतो म्हणून."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी शेजारी जाऊन बसलो.

"तुम्ही नका खाऊ, भाऊसाहेब. पेशंटच्या घरचा डबा आहे."

त्या दिवसांत अशा डब्याला कुणी हात लावत नव्हतं. मी अर्धी भाकरी घेतली. वाळून कडक झाली होती, आत वांग्याची भाजी होती, तिखट. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला मास्क हनुवटीवर ओढून खात होतो. तोवर गेलेली माणसं परतत होती. कुणी भरलेला सिलिंडर घेऊन, नुसतं सांगायला. कुणी रिकामा घेऊन, आपला दगड शोधत. गोणपाटवाला आला. दगडवाले आले.

"ही कुणाची?" मॅडमनी चपलेकडं बोट दाखवलं.

मी चौगुलेला विचारलं. त्यानं वॉचमनला विचारलं. चेहरा कुणालाच आठवत नव्हता. मला फक्त तो पाय आठवत होता, मोटरसायकलच्या सायलेन्सरपासून जपून धरलेला, अनवाणी.

"येईल," मी म्हणालो.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. दोनदा दाबून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा रांग लागलेली होती. तांबोळीणबाई पुन्हा आली होती, नवऱ्याला आणखी लागणार होता. तिचा नंबर दुसरा होता. पहिल्या जागेवर ती निळ्या पट्ट्यांची चप्पल होती, आणि सगळी रांग तिच्या मागून सुरू झाली होती.